मोळी द्यायला माणूस

वेटलिफ्टिंगच्या रॉडसमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या डोक्यावर चुंबळ होती. ओढणीची, घट्ट पिळून गोल वळलेली. बाकीच्या पोरी हाताला पावडर नीट लागली का, बुटांच्या नाड्या बांधल्या का हे बघत होत्या, आणि मी चुंबळ टाळूच्या बरोबर मध्यावर बसली का ते चाचपत होते. खात्री झाल्यावर मी गुडघ्यांत जराशी वाकले, मान ताठ केली आणि वाट बघत थांबले.

समोर खेळाच्या मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्याही वाट बघत होत्या. असा बराच वेळ गेला.

"अगं, उचल ना," शेवटी त्या म्हणाल्या.

"तुमी द्या की," मी म्हणाले.

"काय देऊ?"

"आवो, हेच. डोक्यावर. मी काय एकटीनं घेऊ व्हय?"

आधी एक पोरगी फिसकन हसली, मग सगळा हॉल हसायला लागला. मॅडम तर खुर्चीवर बसून डोळे पुसत हसल्या. मला इतका राग आला की मी चुंबळ काढून जमिनीवर आपटली. ओढणी आपटून कितीसा आवाज होणार? रागाचंही हसंच झालं.

पण खरं सांगते, त्यात माझं काय चुकलं होतं ते मला अजूनही पटलेलं नाही. आमच्याकडे ओझं कोणी एकट्यानं घेतच नाही.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि माणसं ऊसतोडीला निघतात. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक नवरा आणि एक बायको मिळून एक कोयता. माझे अण्णा ऊस तोडायचे, आई पाचट काढून मोळ्या बांधायची, आणि मग मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकात चढायची. मोळी जमिनीवरून उचलून तिच्या चुंबळीवर ठेवायचं काम अण्णांचं. ठेवली की लगेच हात काढायचा नाही. तोल बसलासा वाटला की देणाऱ्यानं म्हणायचं, "दिली." घेणारीनं "घेतली" म्हटल्याशिवाय मोळी सोडायची नाही. आमच्या टोळीत हा नियम मुकादमाच्या शब्दापेक्षा मोठा होता, कारण अर्धवट घेतलेली मोळी फळीवरून माणसाला सोबत घेऊनच खाली येते.

मी बांधावर बसून दिवसभर हेच ऐकायचे. "दिली गं." "घेतली." दोघं दिवसभरात दुसरं काही बोलायची की नाही, कोण जाणे. रात्री भांडण झालेलं असलं तर दुसऱ्या दिवशी अण्णा नुसतंच "दिली" म्हणायचे, "गं" गायब. मग दुपारपर्यंत कधीतरी ते "गं" परत यायचं आणि मला कळायचं, मिटलं.

मी आठवीत असताना पोळ्याच्या आठवड्यात आई गेली. कावीळ झाली होती. आधी घरचं औषध झालं, मग तालुक्याचा दवाखाना, मग नगर. तीन आठवड्यांत खेळ आटोपला. सगळे रडत होते, मला मात्र राग आला होता. दवाखान्यावर, शेजारच्या बायकांवर, पोळ्याला सजवलेल्या बैलांवर, आणि सगळ्यांत जास्त आईवर. मला न विचारता गेलीच कशी? तो राग मला किती दिवस पुरला सांगू? वर्षभर. आणि त्याच्या खाली जे होतं ते नुसतं दुःख होतं, मला आई पाहिजे होती.

दसरा झाल्यावर मुकादम आमच्या ओट्यावर येऊन बसला. चांगला माणूस, गावातलाच. चहा पिऊन झाल्यावर कपाकडे बघत म्हणाला, "अर्ध्या कोयत्याला म्या कुठं बसवू, तूच सांग." दारातून मी म्हणाले, "म्या येते की." अण्णा मला हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. म्हणून मी गेले.

आईची चुंबळ मीच पिशवीत भरली. तिच्या जुन्या लुगड्याच्या काठाची होती. पहिल्या दिवशी अण्णांनी मोळी माझ्या डोक्यावर ठेवली आणि तशीच धरून उभे राहिले. तोल बसला, मान सरळ झाली, तरी काही बोलेनात. मी वाट बघितली. मग मीच ओरडले, "अण्णा, घेतली!" तेव्हा त्यांनी हात काढले. दुसऱ्या मोळीलाही तेच, तिसरीलाही तेच. त्या सबंध हंगामात त्यांच्या तोंडून "दिली" हा शब्द निघाला नाही. मी आपली प्रत्येक मोळीला एकटीच "घेतली, घेतली" करत फळी चढत राहिले. टोळीतल्या बायका म्हणायच्या, पोरगी आईवर गेली, बघा कशी चढते. मला ते ऐकून अभिमान वाटायचा. आईची जागा मी रिकामी ठेवली नव्हती.

जूनमध्ये आत्यानं मध्ये तोंड घातलं. माझी आत्या बोलायला लागली की गावातली कुत्रीसुद्धा बाजूला होतात. तिनं अण्णांना फैलावर घेतलं, माझी वेणी ओढली आणि आम्हा दोघांना ST त घालून नगरजवळ भिंगारला नेलं. तिथल्या मुलींच्या वसतिगृहात माझं नाव घातलं. मी अट घातली, दसऱ्यापर्यंतच राहीन, मग अण्णांबरोबर टोळीत जाणार. अण्णा वसतिगृहाच्या फाटकाशी उभे होते. म्हणाले, "दसऱ्याला येतो न्यायला."

भिंगार मला आवडलं नव्हतं. पहाटे लष्कराच्या छावणीतले जवान पळत जायचे, त्यांच्या बुटांच्या आवाजानं जाग यायची. वसतिगृहातलं वरण इतकं पातळ की त्यात तोंड दिसायचं. पोरी इंग्रजी शब्द मध्येमध्ये घालून बोलायच्या आणि मी "न्हाई" म्हटलं की एकमेकींकडे बघायच्या. मी दोघींना बदडलं, मग बघायच्या थांबल्या.

एकदा गव्हाची पोती घेऊन टेम्पो आला आणि ड्रायव्हर पोती फाटकात टाकून निघून गेला. कोठीची खोली वरच्या मजल्यावर. वसतिगृहाच्या मावशी कपाळाला हात लावून बसल्या. मी टॉवेलाची चुंबळ केली, चार पोरींना म्हटलं द्या गं, आणि पोतं डोक्यावर घेऊन हात मोकळे सोडून जिना चढले. तीन खेपा केल्या. शेवटच्या खेपेला खाली आले तर शाळेच्या खेळाच्या मॅडम स्कूटरवर एक पाय टेकून माझ्याकडे बघत होत्या.

"हात न लावता?" त्यांनी विचारलं.

"हात लावल्यावर तोल जातो," मी म्हणाले. एवढंही माहीत नाही, असा माझा सूर होता.

"एवढी सरळ पाठ कुणी केली तुझी?"

"आईनं."

"तिला भेटायला पाहिजे."

"न्हाई भेटायची," मी म्हणाले आणि आत गेले. त्यांनी बाकीचं मावशींना विचारलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्या मला काही न बोलता हॉलवर घेऊन गेल्या. तिथं तो चुंबळीचा प्रकार झाला.

हॉल म्हणजे शाळेमागची पत्र्याची जुनी कोठी. दोन रॉड, त्यातला एक जरासा वाकडा, तो नवीन पोरींसाठी. मॅडम भिंगारच्याच. घरात आजोबांपासून सगळे शिक्षक, दर रविवारी चर्च चुकायचं नाही. कुणी मोठं वजन उचलायला लागलं की त्या डोळे मिटून ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणायच्या. आम्ही म्हणायचो, मॅडम, वजन आम्ही उचलतोय, घाम तुम्हाला का येतोय? त्या डब्यातून उकडलेली अंडी आणायच्या आणि प्रत्येकीला दोन दिल्याशिवाय जाऊ द्यायच्या नाहीत. मी चार खायचे.

हसणं थांबल्यावर त्यांनी मला पहिला धडा दिला. "इथं कुणी देत नाही बाळ. खालून आपली मोळी आपणच घ्यायची. आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर. आणि डोक्यावर म्हणजे डोक्याला टेकवायची नाही, हात सरळ करून वर धरायची."

"आणि मग न्यायची कुठं?"

"कुठं नाही. तिथंच धरायची."

मला हा शुद्ध वेडेपणा वाटला. एवढं ओझं घ्यायचं आणि कुठं न्यायचंच नाही? पण दोन आठवड्यांत मला त्याचं वेड लागलं. रॉड जमिनीवरून सुटतो, मांड्यांना घासत वर येतो, आणि मग एका क्षणी त्याला वजनच राहत नाही. त्या क्षणात आपण त्याच्या खाली शिरायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, माझ्या पाठीला ते आधीच येत होतं. मी रॉडखाली उभी राहिले की मला आई कशी चालायची ते माझ्याच अंगातून कळायचं. मी तिला शोधत होते आणि ती माझ्या मणक्यात होती. वर्षभर सांभाळलेला राग मला तिथं कामाला लावता आला आणि मग तो हळूहळू उरलाच नाही.

एकच गोष्ट मला जमत नव्हती, टाकणं. वर नेलेला रॉड मी अलगद, मोळी ठेवल्यासारखा खाली ठेवायचे. पाठ भरून यायची.

"टाक," मॅडम ओरडायच्या.

"टाकू?"

"अगं टाक! टाकायलाच खाली रबर आहे!"

"मोडंल की!"

"मोडू दे!"

एका शनिवारी मी हिय्या केला आणि हात सोडले. धाडकन आवाज झाला, पत्रे थरथरले, झाडावरचे कावळे उडाले, आणि मला असं हसू फुटलं की मी खालीच बसले. माझ्या आईनं उभ्या जन्मात एक ओझं असं धाडकन टाकलं नसेल. मी तिच्या वाटचंही टाकायचं ठरवलं. त्या दिवशी मी दमेपर्यंत नुसती टाकत होते, आणि मॅडमनी मला थांबवलं नाही.

पण दसरा जवळ येत होता. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात होत्या. वजनगटात पहिली येईल ती पुढं विभागाला जाणार, आणि त्यासाठी दिवाळीनंतरही भिंगारलाच राहावं लागणार. अण्णा फोनवर म्हणायचे, "मुकादमाला पुरा कोयता सांगितलाय, काळजी करू नको." मी "बरं" म्हणायचे. आपल्याला आता जायचं नाही, हे मला त्यांना सांगता येत नव्हतं. शब्द मीच दिला होता. मी गेले नाही तर अण्णा अर्धे राहणार, आणि अर्ध्या कोयत्याला कोण विचारतो? शेवटी मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. पहिली आले तर तोंड उघडायचं. नाही आले तर गप्प गाठोडं बांधायचं.

स्पर्धा आहे एवढं फोनवर कळल्यावर अण्णा दसऱ्याची वाट न बघता त्याच दिवशी मला न्यायला आले होते. पाथर्डीहून सकाळची ST धरून थेट नगरच्या हॉलवर, खांद्याला कापडी पिशवी. आत येऊन पंचाच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. तिथून उठवल्यावर प्रेक्षकांत गेले आणि पिशवी मांडीवर धरून ताठ बसले. पोरी एकेक करून वजन उचलून टाकत होत्या. दर वेळी धाडकन आवाज झाला की अण्णा दचकायचे आणि शेजारच्या माणसाला काहीतरी विचारायचे.

पहिला प्रकार झाला त्यात मी दुसरी होते. दुसरा प्रकार क्लीन अँड जर्क, म्हणजे आधी खांद्यावर, मग वर; त्याला तीन संधी असतात. पहिली निभावली. पहिल्या नंबरच्या पोरीच्या पुढं जायला मला पन्नास किलो लागत होते. दुसऱ्या संधीला ते मी खांद्यावर घेतले, वर नेताना कोपर वाकलं आणि रॉड मागं पडला. लाल दिवे. खोटं कशाला बोलू, तो पडला तेव्हा मला थोडं बरंच वाटलं. आता काही सांगायला नको, काही विचारायला नको. अण्णांबरोबर जायचं, बस्स.

मॅडमनी माझा चेहरा बघितला. त्यांनी काही उपदेश केला नाही. माझ्या हाताला पावडर लावता लावता एवढंच म्हणाल्या, "तुला नको असेल तर नको उचलू. पण हवं असताना टाकू नकोस."

तिसऱ्या संधीला मी गेले. पावडरचा वास, समोर पंच, वर घड्याळाचे आकडे. रॉड घेतला, खांद्यावर आला, मांड्या सरळ करून उभी राहिले. पन्नास किलो गळ्याशी टेकलेले. आता फक्त वर न्यायचं होतं.

आणि मी थांबले. मान ताठ, पाठ सरळ, गुडघ्यांत जराशी सैल. पहिल्या दिवशी चुंबळ घालून उभी होते, अगदी तशीच. कशाची वाट बघत होते ते मला माहीत होतं आणि ते येणार नाही हेही माहीत होतं. डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले.

पंचांच्या मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दिली गं!"

अण्णांचा आवाज. शेतात या टोकाहून त्या टोकाला जायचा तसा, मोठा, फाटलेला. वर्षाहून जास्त काळ त्यांच्या घशात अडकून पडलेला.

"घेतली!" मी ओरडले आणि रॉड वर गेला. गेला म्हणजे कसा, मला कळलंच नाही. हात सरळ, कोपरं पक्की, आणि वर काहीच वजन नाही. पंचांचा इशारा येईपर्यंत मी तो धरला, हसत धरला. मग धाडकन टाकला. पांढरे दिवे लागले. तिन्ही. मॅडम प्रार्थना अर्धी टाकून नाचत होत्या.

अण्णा कठड्याशी आले. डोळे पुसायचं राहिलं होतं. पहिलं काय म्हणाले असतील? "लई जोरात टाकलंस. फुटलं न्हाई न्हवं?"

"अण्णा, मला न्हाई यायचं टोळीत," मी म्हणाले. दम लागलेला होता म्हणून बरं, विचार करायला वेळ मिळाला नाही. "मला हेच करायचंय."

"म्या काय आंधळा हाय व्हय? दिसलं की." त्यांनी तिथंच खिशातून मोबाईल काढला आणि मुकादमाला लावला. अण्णा फोनवर हळू बोलू शकत नाहीत, त्यामुळे सगळ्या हॉलनं ऐकलं. "माझा कोयता अर्धाच धर. न्हाई, पोरगी न्हाई यायची. आरं, पह्यली आली ती!" मग ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थोरल्याची बायको कमरेनं बसलीय, त्यो बी औंदा अर्धाच हाय. दोन अर्ध्यांचा एक हुतोय का बघ."

"आवो, भाकरी कोन थापनार तुमची?" मी विचारलं.

"शिकू की. तू न्हाई का टाकायला शिकली?"

झालं ते असं, त्या हंगामात अण्णा आणि थोरले चुलते या दोन मिशीवाल्यांचा मिळून एक कोयता झाला आणि सगळ्या टोळीची करमणूक झाली. व्हिडिओ कॉलवर अण्णा मला भाकरी दाखवायचे. पहिली जळालेली, दुसरी कच्ची, तिसरीला मधोमध भोक. मी वसतिगृहात हसून लोळायचे. तिळसंक्रांतीपर्यंत त्यांची भाकरी फुगायला लागली, आणि आता तर ते माझ्या भाकरीला नावं ठेवतात. मी सध्या नगरला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, विभागाच्या पुढंही दोनदा जाऊन आले आहे, आणि सकाळी त्याच पत्र्याच्या हॉलवर लहान पोरींना शिकवते. वाकडा रॉड अजून तिथंच आहे. आमच्या तालुक्यातून कुणी नवी पोरगी आली आणि रॉडसमोर मान ताठ करून नुसतीच उभी राहिली, तर मी हसत नाही.

पण त्या दिवशीचं राहिलंच. संध्याकाळी मी अण्णांना सोडायला स्टँडवर गेले. मॅडमनी सगळी अंडी त्यांच्या पिशवीत भरली होती. अण्णांनी निघताना पिशवीतून आईची चुंबळ काढून माझ्या हातात दिली. ती हंगामासाठी म्हणून त्यांनी बरोबर आणली होती. पाथर्डीची गाडी लागली, गर्दी होती, अण्णा घुसून खिडकीची जागा धरून बसले. मी खालून पिशवी वर केली. त्यांनी दोन्ही हातांनी धरली. मी सोडली नाही.

"दिली," मी म्हणाले.

कंडक्टरनं घंटी दिली.

"घेतली," ते म्हणाले. "सोड आता."